बातमीतला ‘दुष्काळ’ आणि पटवाऱ्याच्या दप्तरातला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाने दडी मारली की जिल्हा पानावर ‘दुष्काळ’ हा शब्द रोज दिसू लागतो. एका दिवशी ‘तालुक्यावर दुष्काळाचे सावट’, दुसऱ्या दिवशी ‘पैसेवारी ४८, दुष्काळावर शिक्कामोर्तब’, तिसऱ्या दिवशी ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ आणि क्रीडा पानावर ‘पदकांचा दुष्काळ संपला’. शेवटच्या मथळ्याने कुणाचे काही बिघडत नाही. पहिल्या तिघांनी मात्र बिघडते. पहिल्यात भीती आहे, दुसऱ्यात एक आकडा आहे (पैसेवारी म्हणजे अपेक्षित धरलेल्या उत्पन्नाच्या शेकडा किती पीक आले ते), तिसऱ्यात मागणी आहे. सरकारचा आदेश तिघांतही नाही. तरीही ते कात्रण खिशात घालून माणूस पीककर्जाच्या सोसायटीत जातो, वीज कंपनीच्या कार्यालयात जातो, मुलाच्या कॉलेजात जातो आणि तिन्हीकडून परत येतो. ‘पेपरात तर आलं होतं’ या वाक्याला कुठल्याही खिडकीवर उत्तर मिळत नाही. म्हणून हे पत्र.

आधी शब्दाबद्दल. ‘दुष्काळ’ म्हणजे वाईट काळ. त्यात पाऊस हा शब्दच नाही. पाऊस न पडणे याला आपल्याकडे ‘अवर्षण’ हा स्वतंत्र शब्द होता, आणि जुन्या वापरात अवर्षण हे कारण, दुष्काळ हा त्याचा परिणाम, म्हणजे अन्नान्न दशा. इंग्रजांच्या राजवटीत यासाठी दोन पायऱ्या होत्या. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती जे फॅमिन कोड आले, त्यांत ‘स्केअर्सिटी’ खालची पायरी आणि ‘फॅमिन’ वरची. कोणत्या पायरीवर आहोत हे ठरवायला चाचणीची कामे काढत. कमी मजुरीवर दगड फोडायला किती माणसे येतात, त्यावरून हलाखीचा अंदाज. १८९६-९७ आणि १८९९-१९०० मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडाने वरची पायरी पाहिली. संवत १९५६ चा म्हणून ‘छप्पन्नचा दुष्काळ’ तो हाच. मराठीत मात्र दोन्ही पायऱ्यांना, आणि पुढे ‘ड्रॉट’लाही, एकच शब्द चिकटला. पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

१९६३ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने एक कायदा केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकण्याचा. त्या जागी ‘स्केअर्सिटी’ आला. कारण असे दिले की सरकार पिकांवर सतत लक्ष ठेवून असते आणि टंचाईची चिन्हे दिसताच मदत सुरू होते, त्यामुळे फॅमिनला वावच उरत नाही. सरकारी मराठीत या ‘स्केअर्सिटी’ची ‘टंचाई’ झाली. नऊ वर्षांनी १९७२ आले. राज्यभर टंचाईची कामे निघाली, मे १९७३ मध्ये त्यांवर सुमारे ५० लाख माणसे होती. कागदावर ती ‘टंचाई’ होती. वर्तमानपत्रांनी आणि लोकांनी तिला ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हटले आणि तेच नाव टिकले. त्या वेळी वर्तमानपत्रे बरोबर होती असे माझे मत आहे. सरकार शब्द हलका करत होते, पेपर त्याचे वजन राखत होते.

आता उलटे झाले आहे. सरकारने शब्द हलका केला की बातमीतही तो तसाच उतरतो. सरकारने केलेला नसला तर बातमी आपल्या मनाने जड करते. ‘जलयुक्त शिवार’ या सरकारी योजनेच्या डिसेंबर २०१४ च्या घोषवाक्यात ‘टंचाईमुक्त महाराष्ट्र २०१९’ असे होते. बातम्यांमध्ये त्याचे ‘दुष्काळमुक्त’ कधी झाले ते कळलेच नाही. ‘अवर्षणप्रवण तालुका’ हे कायमचे वर्गीकरण आहे, ‘दुष्काळग्रस्त’ हे त्या एका हंगामापुरते. तेही एकमेकांच्या जागी छापले जातात.

सगळ्यात मोठी करामत ‘सदृश’ने केली आहे. २०१५ च्या ऑक्टोबरात सरकारने पैसेवारीवरून १४,७०८ गावांत दुष्काळ म्हटला नाही, ‘सदृश’ परिस्थिती म्हटली. विदर्भातली अंतिम पैसेवारी उशिरा येते, म्हणून इथली ११ हजारांहून अधिक गावे मार्च २०१६ मध्ये त्यात आली. मे २०१६ मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात असताना सरकारने ‘दुष्काळसदृश’च्या जागी ‘दुष्काळ’ असे वाचावे, असा खुलासा केला. तेव्हा गावांची संख्या २९ हजारांच्या वर होती. सात महिने एका प्रत्ययाचा वाद चालला. २०१८ मध्ये पुन्हा तेच. २३ ऑक्टोबरला १८० तालुक्यांत ‘दुष्काळसदृश’, ३१ ऑक्टोबरला त्यांपैकी १५१ तालुक्यांत ‘दुष्काळ’. आठ दिवसांत २९ तालुके गळाले. २३ तारखेची बातमी ‘१८० तालुक्यांत दुष्काळ’ अशा मथळ्याने वाचलेल्या माणसाला हे गळणे कुणी समजावून सांगितले नाही.

‘सदृश’ हे केवळ भाषेचे नखरे असते तर एवढे लिहायचे कारण नव्हते. त्यात पैसा आहे. २०२३ चा खरीप घ्या. ३१ ऑक्टोबरच्या शासन निर्णयाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, २४ गंभीर आणि १६ मध्यम. विदर्भातले दोनच, बुलढाणा आणि लोणार. त्यानंतर १० नोव्हेंबरला १,०२१ महसूल मंडळांत (मंडळ म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा गट) ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर झाली. तालुक्यांतल्या शेतकऱ्यांना हेक्टरी निविष्ठा अनुदान, म्हणजे बी-खताच्या खर्चापोटी रोख मदत, मिळाले. मंडळांना मिळाल्या त्या फक्त सवलती. ‘सदृश’ लागले की बँक खात्यात येणारी रक्कम गेली, हा एवढा सरळ हिशेब आहे. तो किती बातम्यांत आला?

मंडळांचा निकषही पाहण्यासारखा आहे. जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी, आणि एकूण पाऊस ७५० मिलिमीटरपेक्षा कमी. ‘आणि’ हा शब्द इथे सगळे ठरवतो. बुलढाण्याकडच्या, जेमतेम ७०० मिलिमीटरच्या भागात पहिली अट पुरी झाली की दुसरी आपोआप पुरी होते. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या भागात, तसे नाही. जिथे सरासरी १,२०० मिलिमीटर आहे तिथे ७५ टक्के म्हणजे ९००. समजा ८०० मिलिमीटर पडला. सरासरीच्या ६७ टक्केच पडला, रोवणीच्या वेळी बांध्यांत पाणी नव्हते, धान करपला. तरी ७५० च्या वर म्हणून मंडळ यादीबाहेर. धानाला ८०० मिलिमीटर पुरतात की नाही हा प्रश्न निकषाने विचारलाच नाही. ‘पूर्व विदर्भात दुष्काळ नाही’ असा मथळा देताना बातमीदाराने निदान ही अट सांगायला हवी होती.

आता पैसेवारी. बरेच पेपर अजून ‘आणेवारी’ लिहितात आणि लगेच पुढे ‘५० पैशांच्या आत’. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, आणा गेला. सोळा आण्यांच्या हिशेबात आठ आणे म्हणजे आजचे ५० पैसे. बोलताना आणेवारी म्हणायला हरकत नाही, म्हातारी माणसे म्हणतातच, पण एकाच वाक्यात आणे आणि पैसे नकोत.

पैसेवारी निघते कशी, हे बातमीदाराने एकदा वावरात उभे राहून पाहावे. दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन दोरी-खुंट्यांनी आखतात. कर्ण १४.१४ मीटर भरला पाहिजे. नाही भरला तर चौकोन तिरपा आहे आणि क्षेत्र कमी धरले गेले आहे. त्यातले पीक कापायचे, ताडपत्रीवर झोडपायचे, वाळवायचे, तोलायचे. शंभर चौरस मीटर म्हणजे एक आर, आणि हेक्टरात असे शंभर आर. म्हणून चौकोनातून जितके किलो निघाले तितकेच क्विंटल हेक्टरी उत्पन्न. हिशेब तोंडी होतो. समजा सोयाबीन ६ किलो ३०० ग्रॅम भरले, म्हणजे हेक्टरी ६.३ क्विंटल. प्रमाण उत्पन्न, म्हणजे चांगल्या वर्षी अपेक्षित धरलेले उत्पन्न, १४ क्विंटल धरले असेल तर ६.३ भागिले १४, पैसेवारी ४५. तेच प्रमाण ९ क्विंटल धरले तर पैसेवारी ७०. वावर तेच, दाणे तेच. भांडण असते ते खालच्या आकड्याचे, आणि बातमीत तो आकडा कधी छापून येत नाही. गावाने हरकत घ्यायची तर ‘पैसेवारी चुकली’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या गटातले वावर निवडले, हलके की भारी जमिनीचे, दाणा वाळला होता का, प्रमाण किती धरले, हे विचारावे लागते. ओल्या दाण्याचे वजन जास्त भरते आणि पैसेवारी फुगते. रस्त्याकडेचे, ओलिताचे, देखणे वावर निवडले तरी फुगते.

नागपूर आणि अमरावती विभागात खरिपाची पैसेवारी तीनदा येते. ३० सप्टेंबरला नजरअंदाज, ३१ ऑक्टोबरला सुधारित, ३१ डिसेंबरला अंतिम. पहिलीचे नावच नजरअंदाज आहे, तोलून काढलेली नाही. ३० सप्टेंबरला सोयाबीनची सवंगणी (कापणी) कुठे सुरू झालेली असते, कुठे नसते. पऱ्हाटीचा (कपाशीचा) पहिला वेचाही बहुतेक ठिकाणी झालेला नसतो. तूर तर फुलावरही नसते. त्यानंतर परतीचा पाऊस कापून रचलेल्या गंज्यांवर पडतो, उभ्या शेंगेतून कोंब निघतात, बोंडे सडतात. म्हणून सप्टेंबरची ६२ डिसेंबरात ४६ होऊ शकते. पण ‘जिल्ह्याची पैसेवारी ६२, दुष्काळाची आशा मावळली’ ही बातमी मात्र ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच छापून झालेली असते. (‘दुष्काळाची आशा’ हा शब्दप्रयोग वाचून परमुलुखातला माणूस चक्रावेल. इथे त्याचे कुणाला काही वाटत नाही, हेच खरे तर बातमीचे मूल्य आहे.)

आणि ‘जिल्ह्याची पैसेवारी’ म्हणजे काय? पैसेवारी गावाची असते. दहा गावांपैकी पाच ४२ वर आणि पाच ६२ वर असली तर सरासरी ५२ येते. ‘सरासरी पैसेवारी ५२’ असा मथळा दिला की ४२ वाली पाच गावे बातमीतून पुसली जातात. सरासरी छापू नये असे नाही. तिच्यासोबत ५० पेक्षा कमी असलेल्या गावांची संख्या हवी आणि जागा असेल तर नावे हवीत.

पुढची गफलत याहून मोठी आहे. पैसेवारी ५० च्या आत आली म्हणजे दुष्काळ जाहीर झाला, असे अजून छापले जाते. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने दुष्काळाची संहिता बदलली आणि ७ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने राज्याने ती स्वीकारली. त्या संहितेत पैसेवारी हा दुष्काळ जाहीर करण्याचा निकष नाही. तिथे ‘ट्रिगर’ आहेत, सरकारी मराठीत ‘कळ’. पहिली कळ पावसाची. सरासरीशी तुलना आणि सलग तीन-चार आठवड्यांचा खंड. ती लागली की दुसरी. पेरणीचे क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकांची हिरवळ, जमिनीतली ओल, धरणे आणि भूजल. दोन्ही लागल्या की तालुक्यातली दहा टक्के गावे निवडून वावरात प्रत्यक्ष पाहणी. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तर मध्यम, ५० च्या वर असेल तर गंभीर. खरिपासाठी हे सगळे ऑक्टोबरअखेर आटोपायचे असते. २०१८ आणि २०२३ चे दोन्ही निर्णय ३१ ऑक्टोबरचेच का, ते यावरून कळेल.

आता दोन तारखा शेजारी ठेवा. दुष्काळ जाहीर करायची मुदत ऑक्टोबरअखेर. विदर्भाची अंतिम पैसेवारी ३१ डिसेंबर. म्हणजे पऱ्हाटी आणि तुरीचा खरा हिशेब लागेपर्यंत दुष्काळाचे दार दोन महिन्यांपूर्वीच लागलेले असते. त्यानंतर ५० च्या आतल्या गावांना काही द्यायचे तर सरकार स्वतंत्र आदेश काढते आणि त्यात सवलती असतात. जानेवारीत ‘अंतिम पैसेवारी ४७, जिल्हा दुष्काळग्रस्त’ असे छापणे म्हणूनच चूक आहे. ‘अंतिम पैसेवारी ४७, सवलतींच्या आदेशाची प्रतीक्षा’ हे बरोबर. मथळा लांब होतो खरा.

सवलतींची यादी वर्षानुवर्षे तीच आहे. बातमीत मात्र तिचे क्रियापद दर वेळी बदलते. जमीन महसुलात सूट. सहकारी कर्जाचे पुनर्गठन. शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती. कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सूट. परीक्षा शुल्कात माफी. रोजगार हमीच्या कामांच्या निकषांत शिथिलता. लागेल तिथे टँकर. आणि टंचाई जाहीर झालेल्या गावांत पंपाची वीज न तोडणे. यात ‘माफी’ हा शब्द एकदाच येतो, परीक्षा शुल्कापुढे. तरी ‘दुष्काळ जाहीर, कर्ज-वीजबिल माफ’ असा मथळा येतो. पुनर्गठन म्हणजे पीककर्जाचे हप्त्यांचे मुदती कर्ज करणे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर जास्तीत जास्त दोन वर्षे, त्यापुढे असेल तर पाच. फेडायचे असतेच. ‘चालू बिल’ म्हणजे थकबाकी नव्हे. परीक्षा शुल्क म्हणजे कॉलेजची फी नव्हे. गावात सगळ्यात जास्त वाद या तिसऱ्या गोष्टीवरून होतात आणि शिव्या खातो तो काउंटरवरचा बाबू.

‘ओला दुष्काळ’वर मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. शब्द उपहासाने घेणारे म्हणतात, दुष्काळ ओला कसा असेल? दुष्काळचा अर्थ अवर्षण धरला तर नसेल. पण ‘वाईट काळ’ या मूळ अर्थाने तो अगदी नीट बसतो. झड लागून सोयाबीन सडले काय आणि खंड पडून करपले काय, कोठीत सारखेच काही येत नाही. चूक भाषेत नाही, बातमीत आहे. नियमात अशी वर्गवारीच नाही, हे ‘ओला दुष्काळ जाहीर करा’च्या बातमीत सांगितले जात नाही. २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीही तेच सांगितले की ही संज्ञा नियमावलीत नाही, दुष्काळात देतो त्या सवलती देऊ. जास्तीच्या पावसाची मदत ‘अतिवृष्टी’ आणि ‘पूर’ या नावाखाली येते, तिला मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस आणि ३३ टक्के नुकसान लागते. दहा दिवस रोज ४० मिलिमीटर पडला तर तो अतिवृष्टीत बसत नाही. त्यासाठी २०२३ मध्ये ‘सततचा पाऊस’ ही वेगळी आपत्ती राज्याने मान्य केली. पंचनाम्यात शब्द चुकीचा पडला तर प्रकरण परत येते. म्हणून बातमीतही ‘अतिवृष्टी’, ‘सततचा पाऊस’ आणि ‘अवकाळी’ (सरकारी कागदावर ‘अवेळी पाऊस’) यांची सरमिसळ नको.

या सगळ्याला वऱ्हाडात एक साधा शब्द आहे, ‘नापिकी’. ओली-कोरडी दोन्ही त्यात येतात, कारण विचारत नाही, परिणाम सांगतो. हा शब्द आपल्या पानांवर एकाच जागी उरला आहे, आत्महत्येच्या बातमीत, ‘नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून’ या ठरलेल्या वाक्यात. हवामानाच्या, बाजाराच्या, पैसेवारीच्या बातमीत तो दिसत नाही. आदेश निघालेला नसेल आणि पीक तर गेले असेल, अशा वेळी ‘दुष्काळ’ किंवा ‘सदृश’ लिहिण्यापेक्षा ‘नापिकी’ लिहावे. खरेही ठरेल आणि कुणाला खिडकीवर खेपही पडणार नाही.

जिथे ‘दुष्काळ जाहीर’ लिहायचे तिथे शासन निर्णयाची तारीख लिहावी, तालुका की मंडळ ते लिहावे, अनुदान आहे की नुसत्या सवलती ते लिहावे. मंडळाचे नाव न चुकता द्यावे. एका मंडळात पंचवीस-तीस गावे असतात आणि मंडळाचे नाव असलेले गाव सोडले तर बाकीच्यांना आपण कोणत्या सर्कलमध्ये आहोत ते ऐन वेळी आठवत नाही. सातबाऱ्यावर गाव आणि तालुका असतो, मंडळ पटवाऱ्याला विचारावे लागते.

यंदा ३१ डिसेंबरची अंतिम पैसेवारी आली की जिल्ह्याच्या सरासरीऐवजी गाववार तक्ता छापावा, ही विनंती. तालुकावार विभागला तर रोज अर्धे पान पुरेल. प्रमाण उत्पन्नाचा रकाना तेवढा त्यात असू द्या.

आपला,
एक निवृत्त मंडळ अधिकारी
ता. दारव्हा, जि. यवतमाळ